विश्लेषण : दार अडवणं, बूट पळवणं, कान पिळणं... लग्नातल्या थट्टेची हद्द नेमकी कुठे?

चीनमध्ये नवरीचे बूट लपवतात, आपल्याकडे नवरदेवाचे. तिथे दार मैत्रिणी अडवतात, इथे करवली. या खेळांमागचं कारण काय, नालासोपारा-वसई पट्ट्यात कोणत्या प्रथा आहेत आणि गंमत कायद्याच्या कचाट्यात कधी सापडते?

तुळशीचं लग्न लागलं की नालासोपाऱ्यात लग्नसराई सुरू होते. पूर्वेला चाळीच्या गल्लीत मांडव पडतो, पश्चिमेला गास, निर्मळ, उमराळ्याच्या वाड्यांमध्ये बँड घुमतो आणि स्टेशनजवळचे हॉल बुक होतात. त्याच सुमारास मोबाईलवर चिनी लग्नांच्या रील्सही फिरू लागतात. सुटाबुटातला नवरदेव बंद दारापुढे जोर काढतोय, त्याचे मित्र तिखट खाऊन रडकुंडीला आलेत आणि आतून मैत्रिणी पाकिटं मागताहेत, असं त्यात दिसतं. पाहणाऱ्याला हसू येतं आणि हे कुठेतरी ओळखीचंही वाटतं. ते तसं का वाटतं, हे समजून घेऊ.

चिनी लग्नात सकाळी काय होतं?

चिनी लग्नात नवरदेव मित्रांना घेऊन नवरीला आणायला तिच्या घरी जातो. तिच्या मैत्रिणी आणि बहिणी दार लावून घेतात. आत यायचं तर परीक्षा द्यायची. गाणं म्हणायचं, जोर काढायचे, नवरीच्या आवडीनिवडींवरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. उत्तर चुकलं की शिक्षा. हाँगकाँग, मलेशिया, सिंगापूरमधल्या चिनी कुटुंबांत नवरदेव आणि मित्रांना आंबट, गोड, कडू आणि तिखट असे चार पदार्थ खायला लावतात. संसारात या चारही चवी येणार, त्या आधीच चाखून घे, असा त्याचा अर्थ.

शेवटी पैशांची घासाघीस होते. लाल पाकिटात पैसे घालून ते दाराच्या फटीतून सरकवायचे. रक्कम बऱ्याचदा नऊच्या आकड्यांत ठरते, कारण चिनी भाषेत 'नऊ' आणि 'दीर्घकाळ' या शब्दांचा उच्चार सारखा आहे. आपण ५१, १०१ किंवा ५०१ देतो, तसंच हे. आपल्याकडे शून्यावर थांबायचं नाही म्हणून वर एक रुपया, त्यांच्याकडे नातं टिकावं म्हणून नऊ.

दार उघडलं तरी सुटका नाही. नवरीचे बूट खोलीत कुठेतरी लपवलेले असतात. ते शोधून तिच्या पायात घातल्याशिवाय तिला नेता येत नाही. त्यानंतर दोघं मिळून घरातल्या मोठ्यांना चहा देतात आणि वातावरण गंभीर होतं.

लग्नाआधीच्या प्रथांमध्ये पलंग मांडण्याचीही एक आहे. त्यावर सुकी बोरं, शेंगदाणे, लोंगन नावाचं फळ आणि कमळाच्या बिया ठेवतात. या चार नावांतले शब्द ओळीने उच्चारले की 'लवकर मूल होवो' असा आशीर्वाद ऐकू येतो. मग लहान मुलांना त्या पलंगावर लोळायला सोडतात. नवरीची खणानारळाने ओटी भरण्यामागेही हीच इच्छा असते.

आपल्याकडे दार कोण अडवतं?

मराठी लग्नातही दार अडवतात, पण दुसऱ्या टोकाला. लग्न लागून वरात घरी आली की नवरदेवाची बहीण उंबरठ्यावर उभी राहते. नव्या वहिनीने माप ओलांडण्याआधी उखाणा घ्यायचा आणि भावाने बहिणीचा मान द्यायचा. त्याआधी बहीण हक्काने विचारते, 'तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का?' दोघांनी 'हो' म्हटलं की ती बाजूला होते.

आज हा प्रश्न केवळ गमतीचा आहे. पण त्याच्या मागे खरी प्रथा आहे. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत आतेभावाशी मामेबहिणीचं लग्न चालत असे. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या नातेसंबंधांवरच्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला प्रदेश म्हटलं आहे. उत्तरेत असं लग्न निषिद्ध मानतात, तर दक्षिणेत ते पसंतीचं. म्हणजे उंबरठ्यावरची बहीण एके काळी थट्टेत नव्हे, तर खरोखरच सुनेवर हक्क सांगत होती. प्रथा मागे पडली, तरी प्रश्न तसाच राहिला.

बूट, कान आणि सुपारी

बूट पळवण्याचा खेळ उत्तर भारतीय लग्नांत आधीपासून रूढ आहे. १९९४ मध्ये आलेल्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटाने तो देशभरातल्या मांडवांत पोहोचवला. आज नालासोपाऱ्यातल्या मराठी लग्नातही मेहुण्या नवरदेवाच्या बुटांवर डोळा ठेवून असतात आणि त्याचे मित्र पहारा देतात.

अस्सल मराठी प्रथा म्हणजे कानपिळी. लाजाहोमात नवरीचा भाऊ लाह्या घालतो. त्याच सुमारास तो नवरदेवाचा उजवा कान पिळतो आणि त्याबद्दल त्याला कपडे किंवा भेट मिळते. अर्थ सरळ आहे. बहिणीला त्रास दिलास तर हा कान पुन्हा माझ्या हातात येईल.

नवरा-नवरीने एकमेकांशी खेळायचे खेळ वेगळे. मुठीत घट्ट धरलेली सुपारी दुसऱ्याने एका हाताने सोडवायची, दातांत धरलेला विडा तोडायचा, हळदीच्या पाण्यात अंगठी शोधायची. पूर्वी ठरवून झालेल्या लग्नात दोघांनी एकमेकांना नीट पाहिलेलंही नसे. अशा वेळी सर्वांसमोर हाताला हात लागण्याची ही पहिली संधी होती. नवऱ्याचं नाव उघडपणे घेण्याची मुभा नसताना उखाण्यातून ते घेता येई, तसंच हे.

नालासोपाऱ्याच्या आसपास काय वेगळं?

नालासोपाऱ्यात कोकणातून, घाटावरून, गुजरातमधून आणि उत्तर भारतातून आलेली कुटुंबं शेजारी शेजारी राहतात. पण या पट्ट्याच्या स्वतःच्याही प्रथा आहेत.

आगरी-कोळी लग्नात हळदीच्या रात्रीचा थाट लग्नाइतकाच, कधी त्याहून मोठा असतो. या लग्नांत धवलारीण महत्त्वाची. ती धवले म्हणजे लग्नगीतं गाते आणि गाण्यांतूनच एकेक विधी पुढे नेते. पालघर जिल्ह्यातल्या वारली समाजातही लग्न लावण्याचा मान धवलेरी या स्त्रीकडे असतो. तिथे घराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढतात आणि त्यात पालघट देवी असते. जगभर गेलेल्या वारली चित्रकलेचं मूळ या लग्नघरात आहे.

मुंबई, ठाणे आणि वसई पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात 'उंबराचं पाणी' ही प्रथा आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, विहिरीचा मान करून घडे भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरा किंवा नवरीला आंघोळ घालतात. वाटेत गाणी, नाच आणि एकमेकींची चेष्टा चालते. गोवा-मंगळूरकडच्या ख्रिस्ती लग्नांत याच जागी 'रोस' असतो. त्यात नारळाचा रस अंगाला चोळतात. पाहुणे नवरदेवाला त्यात पार भिजवून सोडतात.

बंदी आली, तरी हळद टिकली

वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, ख्रिस्ती झालेल्यांच्या देशी चालीरीतींवर बंदी घालणारा आदेश काढला. लग्नातली देशी वाद्यं, ओव्या, अंगाला हळद-तेल लावणं, विडा-सुपारी पाठवणं अशा गोष्टी त्यात होत्या.

पुढे काय झालं ते आज मांडवात दिसतंच. इन्क्विझिशन गेलं, हळद, ओव्या आणि तेल लावण्याच्या चाली राहिल्या. धर्म बदलला तरी लग्नघरातल्या बायकांचा हा भाग बदलला नाही. त्याला ना भटजी लागत होता ना पाद्री, त्यामुळे तो हुकमाने बंद करणं अवघड होतं.

हे खेळ मुळात कशासाठी?

फ्रेंच अभ्यासक आर्नल्ड व्हान जेनेप यांनी १९०९ मध्ये मांडलं की जन्म, लग्न, मृत्यू अशा प्रसंगी माणूस एका अवस्थेतून दुसरीत जातो आणि मधला उंबरठा ओलांडताना समाज काही विधी करतो. दार अडवणं म्हणजे हा उंबरठा डोळ्यांना दिसेल असा उभा करणं.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्ये 'थट्टेचं नातं' ही कल्पना मांडली. लग्नाने दोन अनोळखी घरं जोडली जातात. त्यांच्यात जवळीकही असते आणि कुरबुरीची शक्यताही. मग काही नात्यांत अदब ठेवायची आणि काही नात्यांत थट्टा करायची, अशी वाटणी होते. सासऱ्यासमोर मान खाली घालायची, मेहुण्या-दिरांशी मात्र चेष्टामस्करी चालते. थट्टा केली तरी रागवायचं नाही, हा त्यातला अलिखित करार. भांडण होऊ नये म्हणून भांडणाचं नाटक करायचं, असं हे आहे.

मुलीकडच्यांसाठी त्यात आणखी एक गोष्ट आहे. एरवी लग्नात मुलाकडची बाजू वरचढ मानली जाते. कान पिळताना किंवा बूट लपवताना काही मिनिटं तरी हे पारडं फिरतं.

मग बिघडतं कुठे?

थट्टा सहन करणाऱ्याला 'नको' म्हणता आलं नाही की खेळ संपतो. चीनमध्ये ही तक्रार फार जुनी आहे. चौथ्या शतकातल्या गे होंग या लेखकाने नवरीची छेड काढण्याच्या चालीवर कडक टीका केली होती. २०१६ मध्ये एका अभिनेत्याच्या बाली बेटावरच्या लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी करवली म्हणून आलेल्या अभिनेत्रीला उचलून तलावात टाकण्याचा प्रयत्न केला. त्याचा व्हिडिओ पसरला आणि चीनभर संताप उसळला. २०१८ मध्ये तिथल्या नागरी व्यवहार मंत्रालयाने लग्नातला बीभत्सपणा आणि उधळपट्टी रोखण्याचं आवाहन केलं. २०२१ मध्ये लग्नप्रथा सुधारण्याच्या प्रयोगासाठी पहिले १५ विभाग निवडले गेले.

आपल्याकडे अडचणी तीन ठिकाणी येतात. हळदीत ओळख नसलेल्यांचे हात पोहोचतात, मानाच्या रकमेवरून खरीखुरी भांडणं होतात आणि धवल्यांची जागा घेतलेला डीजे मध्यरात्रीपर्यंत थांबत नाही.

कायदा काय सांगतो?

आवाज : ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मध्यरात्रीपर्यंतची सूट सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतं. घरगुती हळद आपोआप त्यात बसत नाही.

मानपान : हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ भेटींना बंदी घालत नाही. पण भेट न मागता दिलेली हवी, रिवाजाला धरून हवी आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने फार मोठी नसावी. १९८५ च्या नियमांनुसार वधू-वरांना मिळालेल्या भेटींची यादी करून ठेवायची असते. बुटांसाठी हसत दिलेले पाचशे रुपये हुंडा ठरत नाहीत. 'मोटारसायकल दिल्याशिवाय वरात हलणार नाही' ही मात्र मागणी आहे. हुंडा मागण्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, तर देण्या-घेण्याला किमान पाच वर्षांची शिक्षा आहे.

अंगचटी : 'लग्नातली मस्करी' हा बचाव नाही. विनयभंगाच्या हेतूने स्त्रीवर बळाचा वापर केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ नुसार एक ते पाच वर्षांची शिक्षा होऊ शकते. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

लग्नघराने काय ठरवून ठेवावं?

१. बूट, कानपिळी, दार अडवणं यांची रक्कम दोन्हीकडच्या एकेका मोठ्या माणसाने आधीच बोलून ठेवावी. मांडवात घासाघीस होऊ द्यावी, पण आकडा ठरलेला असावा.

२. हळद कोण लावणार, हे नवरीला आणि नवरदेवाला विचारावं. चेहऱ्याला, डोळ्यांजवळ रंग किंवा फेस लावू नये.

३. उखाणा येत नसेल तर जबरदस्ती नको. दोन सोपे उखाणे लिहून हातात द्यावेत.

४. डीजेवाल्याला १० वाजता बंद करण्याची वेळ ठरवतानाच सांगावी. त्यानंतर रात्र बायकांच्या गाण्यांना मोकळी राहते.

५. घरात धवले किंवा ओव्या येणारी आजी, मावशी असेल तर तिचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवावा. कान पिळायला पुढच्या पिढीतही भाऊ मिळेल, गाणी मात्र तिच्याबरोबरच जातील.