प्रथिनांचा टक्का आणि उगवणीचा टक्का

वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगच्या एका वाचकाने विचारलं आहे: वडिलांचा अन्ननलिकेचा कर्करोग सुरुवातीलाच सापडला, प्रथिनं तपासून पुढचं सगळं आधीच कळतं म्हणे, खरं का?

अर्धंच खरं. अन्ननलिकेत सुरुवातच फसवी. गाठ आतल्या अस्तरापुरती असेल तर दुर्बीण टाकून तेवढा भाग सोलून काढता येतो. तीच अस्तराखालच्या थरात उतरली, की लसिकावाहिन्यांतून पसरण्याचा धोका एकदम वाढतो आणि बहुधा अन्ननलिकाच काढावी लागते. मग सारख्याच खोलीच्या दोन गाठींपैकी उलटणारी कोणती, हे एखादं प्रथिन सांगेल का?

जुना उमेदवार पी५३, १९७९ साली सापडलेला. निरोगी पेशीत तो तयार होताच मोडला जातो. जनुक बिघडलं की बहुधा साचतो. मग गाठीचा तुकडा रंगवला, की काचपट्टीवर पेशींची केंद्रकं गडद तपकिरी दिसतात. गंमत अशी, की काही बिघाडांत प्रथिन बनतच नाही आणि पट्टी कोरी राहते. म्हणजे गडदही वाईट, कोरीही वाईट! नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहिलं की ही कोरी पट्टी निरोगींच्या रांगेत जाऊन बसते. शिवाय अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या आपल्याकडच्या नेहमीच्या प्रकारात हा बिघाड बहुतेक गाठींत असतोच. मग ही खूण वेगळं काढणार कुणाला?

शिवाय टक्का सगळ्यांचा मिळून असतो, एकट्याचा नव्हे, हे वाशीमच्या सोयाबीनवाल्यांना सांगायला नको. घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे. सत्तर उगवले तर पेरायला हरकत नाही. पण हातातला हाच दाणा उगवेल का, ते त्या टक्क्याला ठाऊक नसतं. प्रथिनखुणांचंही तसंच. त्यात किती पेशी रंगल्या म्हणजे ‘पॉझिटिव्ह’, ही रेघ ज्याने त्याने आपापली ओढलेली. अशा खुणांवरच्या अभ्यासांना शिस्त लावायला २००५ साली ‘रिमार्क’ नियमावली आली. (पीडी-एल१ या दुसऱ्या प्रथिनाची तपासणी निराळी, ती मुख्यतः पुढे गेलेल्या रोगात औषध निवडायला.)

खुणांच्या या शोधात मला मात्र डॉ. वसंत रामजी खानोलकर आठवतात. टाटा मेमोरियलच्या या विकृतिशास्त्रज्ञाची नजर काचपट्टीवरून माणसाच्या सवयींकडे वळली. घट्ट धोतराने कमरेच्या कातडीवर होणारा ‘धोतर कर्करोग’ त्यांनी १९४५ मध्ये नोंदवला. १९५५ साली संघवी आणि राव यांच्यासह तंबाखू ओढणं-चघळणं आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागातले कर्करोग यांचा संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. प्रथिनखुणांच्या बातम्यांत त्यांचं नाव कुठेच नसतं. खर्रा-विडी चालूच राहिली, तर गाठ नीट काढल्यावरही शेजारच्या अस्तरात नवी गाठ होण्याचा धोका राहतो. तो ओळखायला रंगवलेली पट्टी लागत नाही.