नंबर सांगणारे कार्ड आणि ओळख पटवणारे कार्ड

ऑफिसच्या दारावर टेकवायचे कार्ड आणि बँकेचे कार्ड बहुधा एकाच मापाचे असते: साधारण 85.6 मिलिमीटर लांब आणि 54 मिलिमीटर रुंद. दोन्ही रीडरजवळ धरली की काम होते. आतला कारभार मात्र अगदी वेगळा असतो.

दारावरच्या साध्या प्रॉक्सिमिटी कार्डात बॅटरी नसते; तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे आणि इवलीशी चिप एवढेच असते. रीडर आपल्याभोवती 125 किलोहर्ट्झ वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र तयार करत असतो. कार्ड त्यात आले की फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेल्या तत्त्वानुसार वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि चिप चालू होते. ती वेटोळ्यावरचा भार कमी-जास्त करते, त्याने रीडरच्या क्षेत्रात सूक्ष्म चढउतार होतात आणि त्या चढउतारांतून नंबर वाचला जातो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या 26 बिटांच्या रचनेत 8 बिट संस्थेच्या संकेतांकाचे, 16 कार्डाच्या क्रमांकाचे आणि 2 तपासणीचे असतात. दार उघडायचे की नाही, हे कार्ड ठरवत नाही; रीडरमागचा कंट्रोलर आपल्याजवळची यादी पाहून ठरवतो. नोकरी सोडलेल्याचे नाव यादीतून काढले की त्याच्या खिशातले कार्ड नुसते प्लास्टिक उरते.

यातली खोट अशी, की हे कार्ड विचारेल त्याला आपला नंबर सांगते. तो टिपून दुसऱ्या कोऱ्या कार्डात भरता येतो. वर्गात मित्राच्या नावावर ‘हजर’ म्हणणाऱ्याला पकडायची सोय नसावी, तशी ही व्यवस्था. बँकेच्या जुन्या कार्डावरच्या चुंबकीय पट्टीचे दुखणेही तेच होते.

स्मार्ट कार्डात छोटा संगणकच असतो. जर्मनीत डेटलॉफ आणि ग्रॉट्रुप, फ्रान्समध्ये 1974 साली पेटंट घेणारे रोलाँ मोरेनो ही या शोधातली प्रमुख नावे. मोबाइलचे सिमही याच कुळातले. चिपमध्ये एक गुप्त किल्ली असते आणि ती बाहेर कधीच येत नाही. व्यवहाराच्या वेळी यंत्र रक्कम आणि दर वेळी बदलणारी एक संख्या पाठवते. चिप किल्ली वापरून त्यावरून एक सांकेतिक उत्तर काढते आणि बँक ते पडताळते. कोणी हे उत्तर चोरले तरी पुढच्या व्यवहाराला ते चालत नाही.

स्पर्शाविना चालणारी स्मार्ट कार्डे 13.56 मेगाहर्ट्झवर, काही सेंटिमीटर अंतरातून बोलतात. भारतात जानेवारी 2021 पासून 5000 रुपयांपर्यंतचे असे व्यवहार पिनशिवाय करण्याची मुभा आहे. मार्च 2019 मध्ये आलेल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात, म्हणजे पुणे मेट्रोतही चालणाऱ्या प्रकारात, प्रवासाची शिल्लक थेट चिपमध्ये लिहिलेली असते. गर्दीच्या वेळी बँकेच्या होकाराची वाट पाहत गेट अडून राहिले, तर रांग जिन्यापर्यंत जाईल!

चिप असली म्हणजे सगळे सुरक्षित, असेही नाही. प्रवासाच्या तिकिटांत जगभर पसरलेल्या मायफेअर क्लासिक कार्डाची सांकेतिक पद्धत कंपनीने गुप्त ठेवली होती. 2008 मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या संशोधकांनी ती फोडून दाखवली. नवी कार्डे एईएससारख्या जाहीर पद्धती वापरतात. तिथे पद्धत सगळ्यांना ठाऊक असते, गुप्त असते ती फक्त किल्ली. हा मार्ग निःसंशय जास्त भरवशाचा. तरीही काही ठिकाणी दारावर महागडे स्मार्ट कार्ड वापरतात, पण रीडर त्याचा उघडा क्रमांक तेवढा वाचतो. चिपमधली किल्ली तशीच पडून राहते आणि दाराची सुरक्षितता जुन्या प्रॉक्सिमिटी कार्डाइतकीच उरते.