कॅमेरा बघतो, पण पोरं थांबतात का?

सकाळी डब्याच्या पोळ्या चालल्या होत्या आणि ओट्यावरच्या मोबाइलवर निरोप आला. दंड! सिग्नल तोडल्याचा. मी जन्मात कधी सिग्नल तोडलेला नाही. पण स्कूटर माझ्या नावावर, म्हणून चलनही माझ्याच नावावर. चालवणारे आमचे चिरंजीव, वय वर्षे एकोणीस. "आई, बाबांना सांगू नकोस हं," म्हणाला. मी वाणसामानाच्या पैशातून दंड भरून टाकला. चार महिन्यांत तिसऱ्यांदा.

हळदीकुंकवाला विषय निघाला, तर आणखी चौघी तशाच निघाल्या! शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "हे कॅमेरे म्हणजे पैसे काढायची युक्ती हो. त्यानं अपघात का थांबणारेत?" मी गप्प बसले, पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग मिळेल ते वाचून काढलं.

वहिनींचं म्हणणं अगदी खरं नाही, हे आधी सांगते. देशोदेशीचे पस्तीस अभ्यास एकत्र करून २०१० साली एक आढावा निघाला. वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या आसपास जीवघेणे आणि गंभीर दुखापतीचे अपघात कुठे ११, तर कुठे ४४ टक्क्यांनी घटलेले दिसले. फरक मोठा आहे, पण कल सगळीकडे एकाच बाजूला.

मेख आहे ती खांबापाशी. खांब दिसला की ब्रेक, खांब मागे पडला की पुन्हा गाडी सुसाट! ब्रिटनमधल्या २०१७ सालच्या एका अभ्यासात कॅमेऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत अपघात बरेच कमी झाले, पण दीड किलोमीटरपुढे ते उलट वाढल्यासारखे दिसले. आपल्याकडे चौकात मामा उभा दिसला की हातातलं हेल्मेट डोक्यावर जातं, त्यातलाच प्रकार.

सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांचं तर आणखी निराळं. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात २०१० साली लोकांनी मतदान करून ते बंद करायला लावले. पुढे हिशेब मांडला, तेव्हा आडव्या धडका वाढल्या होत्या, पण बाकीच्या कमी झाल्या होत्या. कॅमेऱ्याच्या धाकानं लोक गचकन थांबायचे आणि मागचा येऊन आदळायचा. एकूण अपघात कॅमेऱ्यांमुळे कमी झाले होते, असा पुरावा काही मिळाला नाही.

त्यापेक्षा दोन खांबांची युक्ती बरी. पहिल्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत यायला गाडीला किती वेळ लागला, त्यावरून सरासरी वेग काढतात. मग नुसतं खांबापाशी सभ्य होऊन भागत नाही. ब्रिटनमध्ये अशा रस्त्यांवर मृत्यूचे आणि गंभीर दुखापतीचे अपघात ३६ टक्क्यांनी घटले, असं २०१६ साली आढळलं.

आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणा जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. पण तिथले मृत्यू त्याच्या कितीतरी आधीपासून उतरू लागले होते. २०१६ साली त्या रस्त्यावर १५१ माणसं गेली. २०१९ पर्यंत आकडा शंभराच्या आत आला. उघड्या खांबांना कठडे घातले, कडेला उभे राहणारे ट्रक हलवले, जखमींना लवकर मदत मिळेल असं पाहिलं. कॅमेऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. तो बघतो आणि कळवतो.

आता कळवतो कुणाला, तर गाडी ज्याच्या नावावर त्याला. म्हणजे पुष्कळ घरांत आपल्यालाच. तेव्हा निरोप आल्यावर पैसे भरायची घाई करू नका. वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे चार आकडे घातले की फोटो दिसतो. कधी दुसऱ्याच गाडीचा नंबर चुकून आपला वाचलेला असतो. तशी तक्रारही करता येते. आणि मुलगा अठराच्या आतला असेल तर गोष्ट दंडाच्या पावतीवर थांबत नाही. २०१९ पासून कायद्यानं पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मी पहिले दोन फोटो उघडलेच नव्हते. तिसरा उघडला. लाल दिवा, पांढऱ्या पट्ट्यांच्या पुढे आमची स्कूटर, आणि मागे बसलेली माझी धाकटी. पाठीला दप्तर, डोक्यावर काही नाही. रोज सकाळी "दादाबरोबर जा गं" म्हणून मीच तिला पाठवत होते.

संध्याकाळी तो फोटो ह्यांच्यापुढे ठेवला, आणि मागच्या दोन दंडांचंही सांगून टाकलं. हे मुलावर ओरडतील असं वाटलं होतं. ते मलाच म्हणाले, "पहिल्या वेळीच का नाही दाखवलास?" मुलगा मान खाली घालून बसला होता.

स्कूटरची किल्ली आता मिसळणाच्या डब्याशेजारी असते. धाकटी बसनं जाते. तिला पाऊण तास आधी उठावं लागतं म्हणून ती माझ्याशी अजून धड बोलत नाही.