एकेचाळीस व्होल्टची प्लेट, बाराची बॅटरी

बार्शीटाकळीहून महानकडे निघालं की काटेपूर्णेचं धरण लागतं आणि त्याला खेटून अभयारण्य. धरणाचं पाणी अकोला शहर पितं. अभयारण्यातले रोही आणि रानडुकरं मात्र रात्र झाली की शेजारच्या तुरीत, हरभऱ्यात उतरतात. पूर्वी त्यावर एकच इलाज होता, जागल. मचाणावर बसून डबा वाजवत रात्र काढायची. आता बांधावर झटका मशीन दिसते: सोलरची एक प्लेट, एक बॅटरी आणि शेताभोवती फिरवलेली तार.

अशाच एका बांधावर मला विचारलं गेलं, "भाऊ, हे प्लेट चाळीस व्होल्टाची हाये न् बॅटरी बाराची. सरळ जोडली तं बॅटरी फुटंल का?"

हा प्रश्न आता गावोगाव पडतो, कारण मोठी प्लेट वॅटच्या हिशेबानं छोटीपेक्षा स्वस्त पडते. उत्तर शोधायला आधी प्लेट पालथी करावी. मागच्या कागदावर आकडे छापलेले असतात. 540 वॅटच्या प्लेटवर साधारण असे: सर्वाधिक शक्तीच्या वेळी 41 व्होल्ट आणि 13 अँपिअर. काहीच जोडलं नाही तर 49 व्होल्ट.

हे 41 आले कुठून? सिलिकॉनचा एक सेल काम करताना जेमतेम अर्धा व्होल्ट देतो, किंचित जास्त. सेल लहान असो की मोठा, दाब तेवढाच. आकार वाढवला तर अँपिअर वाढतात, व्होल्ट नाही. म्हणून सेल माळेसारखे ओवतात. 72 सेलची माळ म्हणजे 41 व्होल्ट, जुन्या पद्धतीच्या सेलची 36 ची म्हणजे 18. बॅटरीचंही तसंच. शिसं आणि आम्ल यांचं एक घर दोन व्होल्टच्या जरा वर असतं. सहा घरं मिळून आपली 'बाराची' बॅटरी. ती भरायला 14.4 व्होल्टपर्यंत जावं लागतं.

आता दोघांना सरळ जोडलं तर? इथे पहिलं नवल आहे. बॅटरी हट्टी असते, ती आपला दाब सोडत नाही. प्लेटच नमते आणि 41 वरून 13 व्होल्टवर येते. पण अँपिअर जवळपास तितकेच राहतात, कारण अँपिअर ठरवतं ऊन. प्रकाशाचे जितके कण सेलमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे करतील, तितकाच प्रवाह. म्हणजे 13 व्होल्ट गुणिले साडेतेरा अँपिअर, सुमारे 175 वॅट. प्लेट 540 ची, पदरात पडतात 175. उरलेली दोन तृतीयांश वीज कुठे गळत नाही. ती प्लेटमध्येच उष्णता होऊन राहते आणि काच थोडी अधिक तापते.

म्हणून त्या शेतकऱ्याला मी सांगितलं: प्लेट लावल्याक्षणी बॅटरी फुटणार नाही. पण भरल्यावरही प्रवाह थांबवायला कुणी नसेल, तर आतलं पाणी उकळ्या फुटल्यासारखं बुडबुडे सोडू लागेल. त्यातून निघणारा हायड्रोजन ठिणगीनं पेटतो. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. साधा, 'पीडब्ल्यूएम' जातीचा कंट्रोलर भरलेल्या बॅटरीला वाचवतो, पण वाया जाणारे वॅट वाचवू शकत नाही. त्यासाठी दुसऱ्या जातीचा कंट्रोलर लागतो, 'एमपीपीटी'.

त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरींना क्लॅम्प मीटर लावून बघावं. प्लेटकडून आत येतात 13 अँपिअर. बॅटरीकडे बाहेर पडतात 39. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीटर बिघडला असं वाटलं होतं. तिप्पट प्रवाह आला कुठून?

ज्यानं पट्ट्यावर चालणारी पिठाची गिरणी किंवा जुनं जिनिंग पाहिलंय, त्याला हे पटकन कळेल. इंजिनाची पुली लहान, यंत्राची मोठी. पट्टा चढवला की फेरे कमी होतात आणि जोर वाढतो. शक्ती तेवढीच, तिची वाटणी बदलली. विजेत व्होल्ट म्हणजे फेरे, अँपिअर म्हणजे जोर आणि दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट. 41 गुणिले 13 म्हणजे 533. त्यातले चार टक्के डब्याच्या गरम होण्यात गेले, तरी 13 व्होल्टला 39 अँपिअर उरतात. हिशेब जुळला.

पण या डब्यात पुली नाही, पट्टा नाही, काहीच फिरत नाही. आत आहे तांब्याच्या तारेची एक कॉइल. चुंबक आणि वीज यांचं नातं मायकेल फॅरडेनं 1831 मध्ये उलगडलं, त्याच नात्यावर ती चालते. कॉइलचा स्वभाव इंजिनाच्या जड चाकासारखा: प्रवाह एकदम वाढू देत नाही आणि एकदम तुटूही देत नाही. एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करतो. मिटला की प्लेटची वीज कॉइलमधून बॅटरीत जाते आणि जाता जाता कॉइलभोवती चुंबकत्व साठवते. उघडला की प्लेट तुटते, पण कॉइल साठवलेलं चुंबकत्व परत विजेत ओतते आणि बॅटरीकडचा प्रवाह चालूच ठेवते. प्लेट दर फेरीत एक तृतीयांश वेळच जोडलेली, बॅटरीला मात्र पूर्ण वेळ वीज. स्विच उघडा असताना प्लेटकडून येणारे 13 अँपिअर शेजारच्या कपॅसिटरमध्ये थांबतात आणि पुढच्या खेपेला सगळे मिळून धावतात. तिपटीचं गुपित एवढंच.

दुसरं नवल त्याच डब्यातल्या चिपमध्ये आहे. सर्वाधिक वॅटचा बिंदू एका जागी राहत नाही. ढग आला, ऊन कललं, प्लेट तापली की तो सरकतो. चिपला आकाश दिसत नाही. मिट्ट अंधारात टेकडी चढणारा माणूस पायानं चाचपत जातो, तसं ती करते: व्होल्ट किंचित वाढवून बघते, वॅट वाढले का? वाढले तर त्याच दिशेनं आणखी एक पाऊल, घटले तर माघारी. दिवसभर, न थकता. सौर कृषी पंपाच्या कंट्रोलरमध्येही हाच शोध चालतो. तिथे बॅटरीच्या जागी मोटार असते.

वऱ्हाडात हा बिंदू फार हलतो. प्लेटवरचे आकडे 25 अंशांचे असतात आणि मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात सेल 65 अंशांवर जातो. दर अंशाला साधारण 0.35 टक्के व्होल्ट घटतात. 41 चे 35 होतात. 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी 36 सेलची प्लेट का करतात, तेही इथे उमगतं: 18 व्होल्ट तापून साडेपंधरावर आले, तरी 14.4 गाठता यावेत.

उलट बाजूही लक्षात ठेवावी, कारण ती महागात पडते. थंडीत व्होल्ट वाढतात. जानेवारीच्या सकाळी पारा पाच-सहा अंशांवर असेल, तर 49 व्होल्टची प्लेट 52 च्या आसपास जाते. कंट्रोलरची मर्यादा 50 असेल तर तो मेच्या कडक उन्हात टिकेल आणि त्या गार सकाळी जळेल. मर्यादा ऐसपैस घ्यावी. जोडताना बॅटरी आधी, प्लेट नंतर. काढताना प्लेट आधी. आणि झटका मशीनच्या सात अँपिअर-तासाच्या छोट्या बॅटरीवर 39 अँपिअर सोडू नयेत. शिशाच्या बॅटरीला तिच्या क्षमतेच्या दहाव्या भागाइतका प्रवाह मानवतो. एवढ्या प्लेटला चारशे अँपिअर-तासांच्या आसपासची बॅटरी शोभते, किंवा कंट्रोलरवर प्रवाहाची मर्यादा बांधावी लागते.

रात्री तीच वीज परत चढणीला लागते. झटका मशीन 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, तेही कॉइलच्याच जोरावर. सेकंदाला सुमारे एक ठोका, आणि तोही सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यापुरता. म्हणून रोही दचकून मागे फिरतो, मरत नाही. खांबावरची लाइन सरळ तारेत सोडणं हा मात्र खेळ नव्हे. त्यात ठोका नसतो, विसावा नसतो; त्या तारेनं जनावरं मरतात आणि माणसंही. ते कुणीही करू नये.

सेलमध्ये अर्धा व्होल्ट, माळेत 41, बॅटरीत 13, तारेत हजारो. प्रकाशातून वीज निघते हे एदमों बेकरेलनं पाहिलं 1839 मध्ये, शिशाची बॅटरी गास्तों प्लांतेनं केली 1859 मध्ये, सिलिकॉनचा कामाचा सेल बेल प्रयोगशाळेत झाला 1954 मध्ये. फॅरडेच्या कॉइलसह ही सगळी मंडळी महानच्या वाटेवर एका बांधाशी एकत्र आली आहेत.

मी निघालो तेव्हा सूर्य कलला होता. कंट्रोलरच्या पडद्यावर वॅट उतरत होते, चाळीस, पंचवीस, नऊ, आणि चिप त्या नवातलाही सर्वात उंच बिंदू चाचपत होती. मग पडदा शून्यावर आला आणि बांधावरून पहिला ठोका ऐकू आला, टक्. मचाण रिकामं होतं.