आधी कुलूप, मग स्क्रू

गेल्या आठवड्यात आपण थ्रॉटल बॉडी इंजिनावरून उतरवली आणि आतली काजळी धुऊन काढली. शाफ्ट बोटांनी वरखाली हलवून पाहिला, तर तो आपल्या भोकात खुळखुळत होता. गाडी जागेवर उभी असताना चालू इंजिनाचा आवाज चढत-उतरत राहतो, त्याचं एक कारण हेच. झिजलेल्या शाफ्टच्या कडेने चोरवाट काढून हवा आत जाते. सील बदलायचं तर शाफ्ट बाहेर काढायला हवा आणि शाफ्ट काढायचा तर आधी त्याच्या खाचेत बसलेली गोल चकती, म्हणजे बटरफ्लाय, सोडवायला हवी. ती दोन बारीक स्क्रूंवर उभी असते. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी थ्रॉटल पूर्ण उघडा आणि शाफ्टची मागची बाजू टॉर्चच्या उजेडात बघा. स्क्रूचं टोक तिथे थोडं बाहेर आलेलं आणि पंच मारून फाकवलेलं दिसेल. कारखान्यात हे मुद्दाम केलेलं असतं. हा स्क्रू कधी सुटला तर जायला त्याला एकच वाट आहे: इनटेक मॅनिफोल्ड, व्हॉल्व्ह आणि थेट सिलिंडर. पिस्टन वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या मध्ये स्क्रू मावेल एवढी जागा नसते. पिस्टन फुटतो किंवा व्हॉल्व्ह वाकतो आणि अख्खं इंजिन खोलावं लागतं. म्हणून या स्क्रूला कुलूप घातलेलं असतं. ते न उघडता जोर लावला, तर फाकलेलं टोक शाफ्टमधल्या आट्यांतून ओरबाडत मागे येतं. मग आटे जातात, नाहीतर स्क्रू मध्येच तुटतो, नाहीतर डोक्यावरची फुली घासून गोल होते. गंज समजून रॉकेल किंवा तेल सोडत बसणारे खूप आहेत. पण फाकवलेल्या धातूवर तेलाचा काय उपयोग!

तेव्हा आधी ते टोक काढायचं. हातातल्या छोट्या ग्राइंडरला बारीक बिट लावा आणि फाकलेला भाग शाफ्टच्या पृष्ठभागाशी सपाट होईपर्यंत हलक्या हाताने घासा. शाफ्टला बिट लागू देऊ नका. थ्रॉटलची स्थिती सांगणारा सेन्सर आधीच उतरवलेला असावा आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांना कापड गुंडाळलेलं असावं, कारण धातूचा कीस बेअरिंगमध्ये गेला तर नवं सील लगेच खराब होईल.

आता फुलीकडे या. जपानी घडणीच्या गाड्यांवरचे हे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले, तरी पुष्कळदा जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या प्रकारचे असतात. काहींच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, ती त्यांची खूण. फिलिप्सचं टोक या खाचेत नीट टेकत नाही, जोर लावला की वर उचकतं. जेआयएस स्क्रू ड्रायव्हर वेगळा मिळतो आणि या कामासाठी तो घ्यावाच, असं माझं स्पष्ट मत आहे. शाफ्टखाली लाकडी ठोकळ्याचा घट्ट आधार द्या. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर इथे वापरू नका. शाफ्ट केसभर जरी वाकला, तरी चकती भिंतीला घासू लागते.

एवढं करूनही स्क्रू हलला नाही, तर आट्यांत लॉकिंगचा गोंद असणार. तो उष्णतेने मऊ होतो, जास्त ताकदीचा असेल तर सुमारे २५० अंश सेल्सिअसला. ज्योत लावण्यापेक्षा मोठ्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दाबून धरा आणि गरम असतानाच फिरवा. तुटलाच, तर मधोमध पंच मारून उलट्या फिरकीच्या ड्रिलने भोक पाडा. कित्येकदा ड्रिल पकडताच उरलेला तुकडा फिरत बाहेर येतो. ४ मिलिमीटरच्या स्क्रूत एक्सट्रॅक्टर घालणं मला पटत नाही. तो कडक पण ठिसूळ असतो आणि आत मोडला तर साधं ड्रिल त्याला दाद देत नाही.

चकती उचलण्यापूर्वी तिच्यावर सुईने दोन खुणा करा, वरची बाजू कोणती आणि बाहेरची कोणती. तिची कड तिरकी तासलेली असते. उलटी बसवली तर ती भोकात अडकते.

होंडाच्या डी आणि बी मालिकेच्या इंजिनांवर आणखी एक कुलूप भेटतं. थ्रॉटलचा तो सेन्सर ज्या स्क्रूंनी बसवलेला असतो, त्यांची डोकी कारखान्यातच तोडलेली असतात. सेन्सर जागेवरून हलला की ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, चुकीचा आकडा जातो, म्हणून ही खबरदारी. आधी सेन्सरभोवती खूण करा. मग उरलेल्या गोल डोक्यात पातळ कटिंग डिस्कने सरळ खाच पाडा आणि चपट्या स्क्रू ड्रायव्हरने सोडवा.

परत बसवताना बटरफ्लायला नवेच स्क्रू वापरा, कारण जुन्यांची टोकं आपण घासली आहेत. ते आधी सैल ठेवा, आयडलचा स्टॉप स्क्रू मागे घ्या आणि थ्रॉटल काही वेळा झटक्याने बंद होऊ द्या, म्हणजे चकती आपली जागा स्वतः शोधते. उजेडासमोर धरून बघा. कडेने प्रकाशाची रेघ सगळीकडे सारखी दिसली, की एकेक स्क्रू काढून त्याला मध्यम ताकदीचा लॉकिंग गोंद लावून आवळा. गोंद पुरे, असं काही मेकॅनिक म्हणतात. मी मात्र डोक्याखाली लोखंडी आधार देऊन मागचं टोक पंचने पुन्हा फाकवतोच. कारखान्याचं कुलूप आपण काढलं, तर ते परत घालणंही आपल्याकडेच आलं.

सेन्सर खुणेवर बसवा, पण स्क्रू अजून पूर्ण आवळू नका. सेन्सरला ५ व्होल्ट मिळतात. थ्रॉटल बंद असताना सिग्नलच्या तारेवर साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास यायला हवा. मल्टिमीटर लावून हे कसं जुळवायचं, ते पुढच्या आठवड्यात.