एका मिनिटात किती जनावरं?

“आजी, जनावरांची नावं सांगा बरं. आठवतील तेवढी. मी थांबा म्हणेपर्यंत.” साठ सेकंद, बस. ना सुई, ना मशीन, ना कागद-पेन्सिल. स्मृतिभ्रंशाची शंका घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाला हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि सोबत आलेल्या लेकासुनेला तो हमखास पोरखेळ वाटतो. आहेच तो पोरखेळ. शाळेत ‘नाव, गाव, फळ, फूल’ खेळलेल्या कुणाला त्याचे नियम समजावावे लागत नाहीत. ब्रिटनमधले वृद्धांचे डॉक्टर बर्नार्ड आयझॅक्स यांनी १९७०च्या दशकात जी चाचणी रूढ केली, तिच्यात रंग, प्राणी, फळं आणि गावं असेच चार गट होते.

तीच चाचणी थोडक्यात आटोपून फ्रान्सच्या नैऋत्य भागातल्या वृद्धांना वर्षानुवर्षं दिली गेली. ‘पाकिद’ नावाच्या त्या पाहणीचे निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. ज्यांना पुढे अल्झायमर झाला, त्यांचा शब्दांचा आकडा निदानाच्या सुमारे १२ वर्षं आधीच घसरू लागला होता. तेव्हा ही माणसं बाजारहाट करत होती, व्यवहार सांभाळत होती, कुणाला काही खटकत नव्हतं.

शब्द आठवण्यात एवढं काय आहे? दोन कामं एकाच वेळी चालतात. जनावरांची माहिती जिथे साठलेली असते तो भाग मुख्यतः डाव्या कानशिलामागे, टेम्पोरल लोबमध्ये. त्या साठ्यात शोध कुठे घ्यायचा, एक कप्पा संपला की दुसऱ्याकडे कधी वळायचं, काय सांगून झालं याचं भान कसं ठेवायचं, हे पाहणारा भाग कपाळामागे. टोरांटोच्या अँजेला ट्रॉयर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नुसता आकडा न मोजता ही वाट मोजायची पद्धत मांडली. एका कप्प्यात किती शब्द, आणि कप्पे किती वेळा बदलले.

येरमाळ्यात हा प्रश्न विचारला तर? सोलापूर-धुळे रस्त्यावरचं, बालाघाटाच्या डोंगरातलं हे येडेश्वरी देवीचं गाव. जन्म गुराढोरांत गेलेली सत्तरीची बाई समजा अशी सुटली: गाय, म्हैस, बैल, खोंड, कालवड, रेडकू. जरा थांबून शेळी, बोकड, करडू, मेंढी. मग कुत्रं, मांजर, उंदीर. मग डोंगराकडे वळून लांडगा, कोल्हा, तरस, ससा, मोर. आणि वाघ. (वाघ हल्ली या भागात पुस्तकातला राहिलेला नाही. टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला एक वाघ २०२४च्या डिसेंबरात जवळच्या येडशी-रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात दिसला.) झाले १९. पण गुण देणारा कडक निघाला आणि नर, मादी, पिल्लू मिळून एकच जनावर धरायचं म्हणाला, तर बैल, खोंड, कालवड, रेडकू, बोकड आणि करडू गळतात. उरले १३. बाई तीच, मेंदू तोच, सहा गुण गेले. तिने उस्मानाबादी शेळी, देवणी, लाल कंधारी अशा जाती सांगायला घेतल्या तर काय करायचं? याबाबतचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. माझ्या मते नियम कोणताही धरा, पुढच्या वर्षी तोच धरा.

आता दुसरी यादी पाहा. गाय, म्हैस, शेळी… कुत्रं… गाय… अजून ते आपलं हे… शेळी. इथे आकडा तर कमी आहेच, पण कप्पाच बदलत नाही आणि सांगितलेलं पुन्हा येतं. मुरलेल्या डॉक्टरचं लक्ष आधी तिकडे जातं.

दुसरी तऱ्हा अक्षरांची: ‘क’पासून सुरू होणारे शब्द सांगा. अल्झायमरमध्ये आधी आणि जास्त ढासळतो तो जनावरांचा आकडा. अक्षरांचा त्या मानाने तग धरतो. पण आपल्याकडे त्यात मेख आहे. कपडा आणि कणीस एकाच आवाजाने सुरू होतात, हे वेगळं काढून पाहायची सवय शाळा लावते. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये मेरी गांगुली, ग्रॅहम रॅटक्लिफ, विजय चंद्रा यांच्या भारत-अमेरिका गटाने हिंदी बोलणाऱ्या निरक्षर वृद्धांसाठी चाचण्या बसवल्या, तेव्हा हेच दिसलं. शिक्षणाचा फरक अक्षरांच्या प्रश्नात जास्त पडतो, जनावरांच्या प्रश्नात कमी. मराठवाड्यातल्या सत्तरीपुढच्या कितीतरी बायकांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांना ‘क’ विचारून नापास करणं म्हणजे आजाराची नव्हे, गावातल्या जुन्या शाळेची परीक्षा घेणं.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांवर भारतीयांची ‘लासी’ पाहणी २०१७ पासून झाली. तिच्यातही जनावरंच विचारली. तिला जोडून झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासाने साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना हा आजार असावा असा अंदाज २०२३ मध्ये दिला. बायकांत, खेड्यांत, न शिकलेल्यांत प्रमाण जास्त.

खेड्यात आजार लपतो तो भलत्याच ठिकाणी. “आजीला आरती तोंडपाठ आहे, येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत चुनखडी वेचायला कुठं जायचं ते तिला बरोबर ठाऊक आहे, डोकं शाबूत आहे तिचं,” असं घरचे म्हणतात. पाठ झालेलं, हजारदा म्हटलेलं बरेच दिवस टिकतं. न ठरलेली यादी ऐनवेळी जुळवणं आधी जातं. उरलेलं काम ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण करते. तिच्या आडोशाला घरोघरी दोन-चार वर्षं सहज निघून जातात.

उलट चूकही तितकीच सोपी. ऐकू कमी येतं, मन खचलंय, थायरॉइड किंवा बी-१२ कमी आहे, झोपेची गोळी चालू आहे: आकडा पडायला यातलं एकही पुरतं, आणि यातल्या बहुतेकांवर उपाय आहे. म्हणून एकदाच्या कमी आकड्यावर निदान होत नाही. वर्षभराने त्याच माणसाला तोच प्रश्न विचारून किती फरक पडला ते पाहतात, बाकीच्या चाचण्या आणि रक्ततपासणी त्याला जोडतात.

नातवंडांनी मात्र दर रविवारी आजीची ही परीक्षा घेऊ नये. सरावाने आकडा फुगतो आणि डॉक्टरांना तुलनेला काही उरत नाही. त्यापेक्षा किराण्याचा हिशेब, गोळ्यांच्या वेळा, बसचे सुटे पैसे यांत घोटाळे कोणत्या महिन्यापासून सुरू झाले ते वहीत लिहून न्यावं. डॉक्टर जनावरांच्या आधी तेच विचारतात.