मोठा चार्जर लावला, तर?

पेट्रोलची टाकी पाच मिनिटांत भरते. मग विजेवरच्या दुचाकीची बॅटरी भरायला चार-चार तास का लागतात? मोठा चार्जर लावला तर काम लवकर होणार नाही काय?

होईल, पण मर्यादेतच. अमेरिकेतील झीरो कंपनीने 2019 साली एसआर/एफ ही विजेवरची मोटारसायकल आणली. तिच्या साध्या प्रकारात 3 किलोवॅटचा चार्जर गाडीतच बसविलेला होता. बॅटरी 95 टक्के भरण्यास त्याला सुमारे 4 तास लागत. 6 किलोवॅटच्या चार्जरने तेच काम 2 तासांत होई आणि जोडीला आणखी 6 किलोवॅटचा चार्जर बसविला, की 1 तासात! शक्ती दुप्पट, वेळ निम्मा.

मग सर्वांनी 12 किलोवॅटच का घेऊ नयेत? आपल्या घरातला प्लगच पाहा. विजेचा दाब 230 व्होल्ट आणि प्लग 15 अँपिअरचा. तेव्हा मिळणारी शक्ती फार तर 230 × 15, म्हणजे 3450 वॅट. 12 किलोवॅटसाठी सुमारे 52 अँपिअर प्रवाह लागेल. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्याच तारेतून साडेतीनपट प्रवाह नेला, तर उष्णता बारापट होईल! म्हणून अशा चार्जरला जाड तारा आणि वेगळी जोडणी लागते.

समजा, तीही केली. तरी बॅटरीचे काय? लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतात. एसटीत प्रवासी रांगेने चढले तर सर्वांना जागा मिळते. लोंढा आला की दारातच कोंडी होते. इथेही तसेच घडते. आयन फार वेगाने आले, तर काही थरांत न शिरता पृष्ठभागावरच धातूच्या रूपाने साचतात. त्यामुळे बॅटरीची क्षमता घटते. साचलेला धातू वाढत जाऊन आत शॉर्ट सर्किट झाले, तर आगही लागू शकते. बॅटरी भरत आली की चार्जर प्रवाह कमी करतो, तो याचसाठी. शेवटचा थोडा भाग भरायला वेळ लागतो, त्याचेही कारण हेच.

प्लग, तार, चार्जर आणि बॅटरी ही एक साखळी आहे. तिचा वेग सर्वांत दुबळी कडी ठरविते. तेव्हा घरात कोणी 'बाजारातून जोरदार चार्जर आणू' म्हणाले, तर आधी विचारा: या बॅटरीसाठी गाडी बनविणाऱ्याने तो मान्य केला आहे काय? त्याचे व्होल्ट जुळतात काय? आपला प्लग तेवढा प्रवाह सोसेल काय?

आता एक गणित. 3 किलोवॅट-तासांची बॅटरी 750 वॅटच्या चार्जरने भरायला किती तास लागतील? वाया जाणारी ऊर्जा सोडून द्या. 1500 वॅटचा चार्जर आणला, तर तो 5 अँपिअरच्या प्लगवर चालेल काय? उत्तर काढा आणि वर्गात कारणासह सांगा.